एस्केप नावाचा पूर्णविराम

काही वर्षांपूर्वी एका संकेतस्थळावरच्या चौकटीत मी तासभर एक शिफारसपत्र लिहीत बसले होते. माझ्यासोबत काम केलेल्या एका मुलीला चांगली संधी मिळत होती आणि तिच्याबद्दल चार ओळी लिहायच्या होत्या. अशा पत्रात विशेषणं भरणं सोपं असतं. मला मात्र ती एखाद्या चुकीच्या मुळापर्यंत ज्या चिकाटीनं जाते, ती चिकाटी दाखवायची होती. शेवटचं वाक्य चार वेळा फिरवलं, पाचव्यांदा ते जागेवर बसलं, आणि त्या समाधानात माझी डावी करंगळी आपसूक कीबोर्डच्या कोपऱ्यात गेली. एस्केप. चौकट मिटली. पत्र गेलं.

चौकटीनं तिचं काम केलं होतं. एस्केप म्हणजे रद्द, नको, बंद कर, हा अर्थ जवळजवळ सगळीकडे चालतो. माझ्या हाताला मात्र इतक्या वर्षांत नेमका उलटा अर्थ शिकवला गेलाय. मी व्हिम नावाच्या, मजकूर लिहायच्या एडिटरमध्ये लिहिते. पत्रं, टिपणं, कोड, हा लेखसुद्धा. तिथे एस्केप म्हणजे ‘झालं’. वाक्य जमलं की एस्केप. पत्र मी पुन्हा लिहिलं, वेळेत पाठवलंही. पण एकच बटण दोन जगांत इतकं विरुद्ध का बोलतं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला.

ज्यांनी व्हिम किंवा त्याचा पूर्वज व्हीआय वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इतर एडिटरमध्ये अक्षर दाबलं की अक्षर उमटतं. इथे फाइल उघडते तेव्हा तुम्ही नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे आज्ञा देण्याच्या अवस्थेत, असता आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक आज्ञा असते. ‘जे’ दाबलं की कर्सर एक ओळ खाली, ‘के’ दाबलं की वर, ‘एक्स’ दाबलं की कर्सरखालचं अक्षर गायब, ‘यू’ दाबलं की शेवटचा बदल मागे. मजकूर लिहायचा तर आधी ‘आय’ दाबून इन्सर्ट मोडमध्ये शिरायचं, मग लिहायचं, आणि लिहून झालं की एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये परतायचं. मजकूर निवडायला व्हिज्युअल मोड, त्यासाठी ‘व्ही’. फाइल साठवण्यासारख्या मोठ्या आज्ञांसाठी कोलन दाबायचा, की कर्सर स्क्रीनच्या तळाशी जाऊन उभा राहतो.

मला हे कुणी असं नीट सांगितलं नव्हतं. पहिल्या नोकरीत दूरच्या सर्व्हरवरची एक फाइल बदलायची होती आणि तिथे दुसरा एडिटरच नव्हता. मी टाइप करू लागले आणि पडद्यावर भलतंच होऊ लागलं: ओळी नाहीशा होत होत्या, कर्सर कुठेतरी उडी मारत होता, मधूनच आवाज येत होता. शेजारी बसणारे आमचे सर, टीममधले सगळ्यात ज्येष्ठ, खुर्ची सरकवून आले. त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. एवढंच म्हणाले, “कुठे आहेस ते कळत नसेल ना, तर आधी एस्केप दाब. वाटलं तर दोनदा दाब. मग सांग काय करायचंय.” मी दाबलं. सगळं शांत झालं. काय करायचंय हे त्यांना तोंडानं सांगताना लक्षात आलं की ते मलाच अजून स्पष्ट नव्हतं.

दोनदा दाबण्याचा तो सल्ला मी पुढे प्रत्येक नवशिक्याला दिला. नॉर्मल मोडमध्ये असताना पुन्हा एस्केप दाबल्यानं काही बिघडत नाही. फार तर एक ‘टुंग’ वाजतं आणि ते ऐकून खात्री पटते की आपण मुक्कामाला पोहोचलोय.

हे बटण मुळात आलं कुठून ते पाहिलं तेव्हा मला एक धागा सापडला. १९६०च्या सुमारास आयबीएममध्ये काम करणाऱ्या बॉब बेमर यांनी एस्केप या चिन्हाची कल्पना मांडली. तेव्हा वेगवेगळ्या यंत्रांच्या अक्षरांच्या सांकेतिक सारण्या वेगवेगळ्या होत्या आणि एका सारणीतून दुसरीत जाण्यासाठी खुणेची गरज होती: यापुढे येणाऱ्या अक्षरांचा अर्थ नेहमीसारखा घेऊ नका. म्हणजे या बटणाचा जन्मच मोड बदलण्यासाठी झाला. रद्द करणं, खिडकी मिटणं हे अर्थ त्याला नंतर चिकटले. मला हे कळलं तेव्हा हरवलेल्या पत्राचं दुःख थोडं कमी झालं. माझी करंगळी निदान मूळ अर्थाशी प्रामाणिक होती.

प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणाऱ्या आस्की सारणीत एस्केपचा क्रमांक २७ आहे. डाव्या चौकटी कंसाचा क्रमांक ९१. कंट्रोल दाबून धरलं की जुनी टर्मिनलं, म्हणजे संगणकाला जोडलेले कीबोर्ड आणि पडदे, अक्षराच्या क्रमांकातले वरचे बिट काढून टाकत, म्हणजे इथे ६४ वजा होत. ९१ मधून ६४ गेले, उरले २७. म्हणून कंट्रोल आणि डावा चौकटी कंस एकत्र दाबला की टर्मिनलला एस्केपच मिळतं. ही काही व्हिमनं दिलेली सोय नाही, ते दोन्ही एकच आहेत. ज्या लॅपटॉपवर एस्केपचं बटण काचेच्या पट्टीवर गेलं होतं तिथे मी याच जोडीवर दिवस काढले.

याच सारणीमुळे एक छोटा विलंबही जन्माला आला. बाणाचं बटण दाबलं की टर्मिनल एडिटरला एस्केपनं सुरू होणारी तीन चिन्हांची माळ पाठवतं. त्यामुळे एस्केप आलं की एडिटरला क्षणभर थांबून पाहावं लागतं: हे एकटंच आलंय की याच्या मागून आणखी काही येतंय? संथ जोडणीवर तो क्षण जाणवतो. पूर्वी मला त्याचा त्रास व्हायचा. आता तो कमी करण्याची सेटिंग माहीत आहे आणि मी ती वापरतेही.

व्हीआयच्याही आधी, १९६९ साली केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या संगणकप्रणालीसाठी ‘ईडी’ नावाचा एडिटर लिहिला. तेव्हा पडदाही नव्हता. टेलिटाइपवर कागदाची गुंडाळी फिरायची आणि एकेक ओळ छापली जायची. ईडीमध्येही दोन अवस्था होत्या, आज्ञा देण्याची आणि मजकूर लिहिण्याची. लिहायला सुरुवात करायची तर ‘ए’, ‘आय’ किंवा ‘सी’. आणि लिहिणं थांबवायचं कसं? एका नव्या ओळीवर एकटं टिंब टाइप करायचं आणि एंटर. बस. पूर्णविराम दिला की लिहिणं संपलं, पुन्हा आज्ञा सुरू.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून दोनदा वाचलं. म्हणजे ज्या जागी आज मी एस्केप दाबते तिथे मुळात खरोखरचा पूर्णविराम होता.

पुढची गोष्ट १९७६ सालची. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातले जॉर्ज कुलुरिस यांनी ईडी सुधारून ‘ईएम’ तयार केला होता. मर्त्य माणसांसाठीचा एडिटर अशी त्या नावाची फोड ते करत. तो बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी पाहिला आणि त्या धाग्यावरून चक हेली यांच्यासोबत काम करत करत ‘ईएक्स’ नावाचा एडिटर उभा राहिला. त्याच ईएक्सचा पूर्ण पडदा दाखवणारा अवतार म्हणजे व्हीआय. जॉय ज्या टर्मिनलवर काम करत ते लिअर सिग्लर कंपनीचं एडीएम-३ए. त्याच्या एच, जे, के, एल या बटणांवर बाण छापलेले होते, म्हणून आजही आम्ही त्या चार अक्षरांनी हलतो. आणि त्यावर एस्केप कुठे होतं? क्यूच्या लगेच डावीकडे, आज जिथे टॅब असतो तिथे. करंगळी जराशी सरकवली की पोहोचली. आपण ज्याला कोपऱ्यात ढकलून दिलंय ते बटण त्यांच्या हाताखालीच होतं.

घरून ते ३०० बॉडच्या मोडेमवर काम करत. एका सेकंदाला साधारण ३० अक्षरं. ८० अक्षरांच्या २४ ओळी म्हणजे १,९२० अक्षरं. पूर्ण पडदा नव्यानं रंगायला मिनिटाहून जास्त वेळ. अशा वेळी एकेका अक्षराच्या आज्ञेत जास्तीत जास्त काम भरणं हा शहाणपणाचा भाग होता. पडदा हळू, त्यामुळे माणूस आधी ठरवणार आणि मग बटण दाबणार. आज जोडणी हजारो पटींनी वेगवान झालीय, पण आधी ठरवण्याची ती शिस्त या बटणांमध्ये राहून गेली आणि मी तिच्यासाठीच इथे थांबले.

ठरवायचं म्हणजे काय ते आत शिरण्याच्या दारांवरून कळतं. बाहेर यायला एक एस्केप पुरतं, पण आत जायला कितीतरी दारं आहेत आणि प्रत्येक दार विचारतं, कुठे आणि कशासाठी? ‘आय’ म्हणजे कर्सरच्या आधी. ‘ए’ म्हणजे कर्सरच्या नंतर. शिफ्ट दाबून मोठा ‘आय’ म्हणजे ओळीच्या पहिल्या अक्षराआधी, मोठा ‘ए’ म्हणजे ओळीच्या शेवटी. ‘ओ’ खाली नवी ओळ उघडतो, मोठा ‘ओ’ वर. ‘एस’ कर्सरखालचं एक अक्षर उचलून त्याच्या जागी लिहायला बसवतो. मोठा ‘आर’ आहे त्या अक्षरांवरूनच लिहीत जातो.

आणि ‘सी’. माझं सगळ्यात आवडतं दार. सी म्हणजे बदल, पण काय बदलायचं ते पुढे सांगायचं: ‘सी-डब्ल्यू’ म्हणजे शब्दाच्या शेवटापर्यंत, ‘सी’नंतर ‘आय’ आणि अवतरणचिन्ह म्हणजे अवतरणाच्या आतलं सगळं, ‘सी-आय-एस’ म्हणजे हे पूर्ण वाक्य. शेवटची आज्ञा मराठी मजकुरावरही चालते, कारण व्हिमच्या लेखी वाक्य टिंबानं, उद्गारचिन्हानं किंवा प्रश्नचिन्हानं संपतं आणि आपणही आता दंड सोडून टिंबच वापरतो. वाक्य आवडलं नाही, कर्सर त्यात कुठेही असू दे, तीन अक्षरं दाबली की ते निघून जातं आणि त्याच्या रिकाम्या जागेत मी लिहायला तयार उभी असते. एखादं लंगडं वाक्य शब्द इकडचे तिकडे करून जगवत ठेवण्याची माझी सवय या आज्ञेनं मोडली. वाक्य मुळातून नव्यानं लिहायला जेव्हा तीनच अक्षरं लागतात तेव्हा माणूस ते लिहून बघतो.

सुरुवातीची कित्येक वर्षं मी फक्त ‘आय’ वापरत होते. आत शिरायचं आणि तिथेच राहायचं. बाणांनी फिरायचं, बॅकस्पेसनं खोडायचं, दिवस संपला की एस्केप. व्हिम मला तसंही चालवून घेत होता. फरक कळला तो ‘यू’ दाबल्यावर. एक शब्द मागे घ्यायचा होता आणि डोळ्यांदेखत पूर्ण परिच्छेद नाहीसा झाला. तो परत आणता येतो, कंट्रोल-आर दाबून आणलाही, पण तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं की हा एडिटर बदल कशाला म्हणतो. ‘आय’पासून एस्केपपर्यंत जे काही सलग लिहिलं तो एक बदल. एस्केप दाबलं की गाठ बसते. मागे घ्यायचं तर ती पूर्ण गाठ सुटते.

नॉर्मल मोडमधल्या टिंबालाही हाच नियम. टिंब दाबलं की शेवटचा बदल जसाच्या तसा पुन्हा होतो. एखाद्या ओळीच्या शेवटी मोठ्या ‘ए’नं अर्धविराम घातला, एस्केप दाबलं, की पुढच्या प्रत्येक ओळीवर फक्त खाली जायचं आणि टिंब. पण मध्येच बाण दाबून इकडेतिकडे फिरलात तर गाठ तिथे तुटते आणि टिंबाला शेवटचा तुकडाच आठवतो. म्हणून बदल असा करावा लागतो की तो दुसऱ्या जागीही अर्थपूर्ण ठरेल. ईडीमधलं जे टिंब लिहिणं थांबवायचं तेच व्हीआयमध्ये लिहिलेलं पुन्हा करू लागलं, हा योगायोग असेल. मला तो गोड वाटतो.

आणखी एक. ‘आय’च्या आधी आकडा दिला, समजा ३, आणि काही लिहिलं, तर लिहिताना ते एकदाच दिसतं. उरलेल्या दोन प्रती एस्केप दाबल्यावर उमटतात. तोपर्यंत एडिटर वाट पाहत असतो. जोवर तुम्ही ‘झालं’ म्हणत नाही तोवर तुमचं म्हणणं त्याच्या दृष्टीनं अपुरं असतं.

हे समजल्यावर मी गाठी लहान मारू लागले. एक वाक्य, एस्केप. एक दुरुस्ती, एस्केप. पुढचं वाक्य सुचत नसेल तर आत ताटकळत बसायचं नाही, बाहेर यायचं. आपल्याकडे मोडी लिपी होती, हात शक्य तितका न उचलता वेगानं लिहीत जाण्यासाठी. माझा स्वभाव मूळचा तसाच आहे, एकदा सुटले की थांबत नाही, आणि त्या भरात लिहिलेलं बरंचसं नंतर टाकून द्यावं लागायचं. एस्केपनं मला हात उचलायला लावला. इन्सर्ट मोडमध्ये लुकलुकणारा कर्सर सतत विचारत असतो, पुढे काय? नॉर्मल मोडमधला कर्सर काही विचारत नाही. तो अक्षरावर बसून असतो.

तो बसतो यालाही कारण आहे. एस्केप दाबलं की कर्सर एक पाऊल डावीकडे सरकतो. अनेकांना ही खोड वाटते, मलाही वाटायची. पण नीट पाहिलं तर नवं अक्षर नेहमी दोन अक्षरांच्या मधल्या फटीत शिरतं; लिहिताना कर्सर त्या फटीत असतो. नॉर्मल मोडमध्ये आज्ञा द्यायची असते ती एखाद्या अक्षराला, म्हणून तिथे कर्सर अक्षरावर असावा लागतो. फटीतून अक्षरावर यायचं तर कुठल्या तरी बाजूला सरकणं भाग आहे. तो आपण नुकत्याच लिहिलेल्या अक्षरावर येऊन थांबतो. ‘आय’ आणि ‘ए’ ही दोन वेगळी दारं का लागतात तेही यातूनच उलगडतं: अक्षराला दोन बाजू असतात.

व्हिज्युअल मोडबद्दल मला एक जुनं कोडं होतं. जाणकार लोक म्हणतात, त्याचा वापर कमी करा, थेट आज्ञा द्या. मला मात्र तो पहिल्या दिवसापासून सोपा गेला आणि माझ्या बरोबरीच्या अनेक मराठी मित्रमैत्रिणींनाही. नॉर्मल मोडची आज्ञा क्रियापदानं सुरू होते: ‘डी’ आणि मग ‘डब्ल्यू’, खोड आणि मग शब्द. हा इंग्रजीचा क्रम आहे. आपण म्हणतो, “हा शब्द खोड.” आधी वस्तू दाखवतो, मग तिचं काय करायचं ते सांगतो, क्रियापद शेवटी. व्हिज्युअल मोडमध्ये तसंच घडतं. ‘व्ही’ दाबा, इथपासून तिथपर्यंत दाखवा, मग ‘डी’. पूर्ण ओळी हव्या असतील तर मोठा ‘व्ही’, उभा पट्टा हवा असेल तर कंट्रोल-व्ही. आधीची निवड पुन्हा हवी तर ‘जी’ आणि ‘व्ही’. बिल जॉय यांच्या व्हीआयमध्ये हा मोड नव्हता. तो व्हिमबरोबर आला, म्हणजे ब्रॅम मूलेनार यांच्याकडून. पुढे काकून आणि हीलिक्स या एडिटरांनी तर सगळी रचनाच अशी केली की आधी निवड, मग क्रिया. ते वापरताना मला वाटलं, हे माझ्या व्याकरणात बोलतायत.

मूलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी व्हिम पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला आणि ३ ऑगस्ट २०२३ ला ते गेले तोवर त्याची देखभाल केली. व्हिम मोफत आहे. रिकामा उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी विनंती पडद्यावर दिसते. ती ओळ मी हजारो वेळा पाहिली असेन. त्यांच्या निधनाची बातमी वाचली त्या दिवशी मी व्हिम रिकामा उघडून ती सावकाश वाचली.

मोडच्या विरोधात आयुष्यभर उभा राहिलेला माणूसही मला तितकाच जवळचा वाटतो. लॅरी टेस्लर. कॉपी आणि पेस्टला आजचं रूप ज्यांच्यामुळे मिळालं ते. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनकेंद्रात १९७०च्या दशकात त्यांनी टिम मॉट यांच्यासह जिप्सी हा एडिटर केला, तो मोड टाळण्यासाठीच. त्यांच्या गाडीच्या पाटीवरही ‘नो मोड्स’ होतं. त्याआधीच्या ब्राव्हो एडिटरचा एक किस्सा सांगितला जातो: कुणी आपण लिहायच्या अवस्थेत आहोत असं समजून इंग्रजीत ‘एडिट’ हा शब्द टाइप केला. ‘ई’नं सगळा मजकूर निवडला गेला, ‘डी’नं तो खोडला, ‘आय’नं लिहिणं सुरू झालं, आणि ‘टी’ उमटला. पूर्ण दस्तऐवजाच्या जागी उरला एक टी.

माझ्यावरही हे ओढवलंय. एका वेबपानाच्या फाइलमध्ये परिच्छेदाच्या मधोमध ‘डेटा’ हा शब्द इंग्रजीत घालायचा होता. मी आत शिरलेय असं मला वाटलं, शिरले नव्हते. डी, ए, टी: व्हिमच्या भाषेत याचा अर्थ हा टॅग, म्हणजे परिच्छेदाच्या सुरुवातीची आणि शेवटची खूण, त्याच्या आतल्या मजकुरासकट खोड. पूर्ण परिच्छेद गेला. मग शेवटच्या ‘ए’नं मी इन्सर्ट मोडमध्ये शिरले, त्यामुळे त्यापुढचे शब्द व्यवस्थित उमटत राहिले आणि माझ्या हे दोन ओळींनंतर लक्षात आलं. एस्केप, यू, यू. परिच्छेद परत आला. पण त्या दोन ओळी लिहिताना मी पडद्याकडे पाहतच नव्हते, हे मला जास्त लागलं.

म्हणून टेस्लर यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. ज्या अवस्थेत आपण आहोत ती दिसत नसेल तर ती घात करते. संगणक वापरायला सोपे कसे करावेत यावर काम केलेल्या जेफ रॅस्किन यांनी यावर सुचवलेला मार्ग मला फार नेटका वाटतो: बटण दाबून धरलंय तोवरच वेगळी अवस्था, सोडलं की संपली. शिफ्ट तसं आहे. कॅप्स लॉक तसं नाही, म्हणून तो फसवतो. स्नायूंना ताण जाणवत असतो, त्यामुळे विसरायला होत नाही. व्हिममध्येही याच्या जवळ जाणारी एक गोष्ट आहे: इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-ओ दाबलं की फक्त एका आज्ञेपुरतं बाहेर यायचं, ती झाली की आपोआप पुन्हा आत. मी ते क्वचितच वापरते. अर्धवट बाहेर आल्यासारखं वाटतं. अवस्था दिसण्याची मात्र पक्की सोय मी केलीय: इन्सर्टमध्ये कर्सर उभी बारीक रेघ, नॉर्मलमध्ये भरीव चौकोन. त्यानंतर असे अपघात जवळजवळ थांबले.

मराठी लिहिताना मोडवर आणखी एक मोड चढतो. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू असताना एस्केप दाबलं आणि खाली जाण्यासाठी ‘जे’चं बटण दाबलं, तर व्हिमला मिळतो ‘र’. ‘के’च्या जागी ‘क’, ‘यू’च्या जागी ‘ह’, ‘डी’च्या जागी हलन्त. या अक्षरांना नॉर्मल मोडमध्ये काही अर्थच नाही. मग भाषा बदला, आज्ञा द्या, पुन्हा भाषा बदला. दर वाक्याला दोन फेऱ्या. याच कंटाळ्यानं मी बरीच वर्षं मराठी दुसरीकडे लिहीत होते. मार्ग व्हिममध्येच होता: कीमॅप. संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि कोणत्या बटणानं कोणतं अक्षर हे व्हिमला सांगायचं. मी एका सुट्टीच्या दिवशी बसून इन्स्क्रिप्टची सगळी बटणं एका फाइलमध्ये उतरवली. आता इन्सर्ट मोडमध्ये मी देवनागरी लिहिते, एस्केप दाबलं की बटणं आज्ञा होतात, पुन्हा आत शिरलं की देवनागरी हजर. मध्येच इंग्रजी शब्द हवा असेल तर कंट्रोल आणि टोपीचं चिन्ह. नॉर्मल मोडमध्ये ‘एफ’ दाबून या ओळीतलं एखादं अक्षर शोधायचं तर ते शोधायचं अक्षरही देवनागरीतच घेतलं जातं, कारण तिथे अपेक्षा मजकुराची आहे, आज्ञेची नाही. इतका बारीक विचार कुणीतरी करून ठेवलाय. ती फाइल पहिल्यांदा चालली तेव्हा मी बराच वेळ नुसती आत-बाहेर करत राहिले.

अनेक जण एस्केपचं अंतर कमी करायला वेगवेगळ्या युक्त्या करतात: कॅप्स लॉकलाच एस्केप बनवतात, किंवा ‘जे-के’ पाठोपाठ दाबलं की बाहेर, अशी जोडणी करतात. कंट्रोल-सीनंही बाहेर येता येतं, पण ते घाईचं बाहेर येणं आहे: लघुरूपं विस्तारली जात नाहीत, आणि आकडा देऊन मागितलेल्या प्रती उमटत नाहीत. मी कॅप्स लॉक बदललाय. ‘जे-के’ मात्र नाही, कारण देवनागरी कीमॅपमध्ये तीच बटणं ‘र’ आणि ‘क’ देतात, आणि ‘मारक’ किंवा ‘स्मारक’ असं काही लिहिताना मी वाक्याबाहेर फेकली जाऊ नये.

त्या मुलीला ते काम मिळालं. तिनं एकदा विचारलं, पत्र लिहायला वेळ लागला का. मी हो म्हटलं, दुसऱ्यांदा लिहिलं हे सांगितलं नाही. हल्ली असलं काही लिहायचं असेल तर आधी फाइलमध्ये लिहिते आणि मग चौकटीत चिकटवते.

एक आज्ञा सांगायची राहिली. ‘जी’ आणि मग ‘आय’. शेवटचं एस्केप जिथे दाबलं होतं नेमक्या त्या फटीत ती नेऊन उभी करते, लिहायच्या अवस्थेत. मधल्या काळात तुम्ही फाइलभर फिरून आलेले असा, ती बंद करून दुसऱ्या दिवशी उघडलेली असो, व्हिमनं जागा धरून ठेवलेली असते. हा लेख मी चार बैठकांमध्ये लिहिला. दर वेळी फाइल उघडली, वरपासून वाचत खाली आले, दोन-तीन वाक्यं ‘सी-आय-एस’नं काढून नव्यानं लिहिली. ‘जी-आय’ मग शेवटच्या दुरुस्तीवर परत नेतं, म्हणून वाचायला लागण्याआधीच मी ते एकदा दाबून बघायचे, काल कुठे हात उचलला होता ते. काल तो ‘र’ आणि ‘क’च्या परिच्छेदानंतर उचलला होता.